अण्णांची ८०० डावीकडे का ओढते: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

गाडी: मारुती ८००, २००६ची. टायर १४५/७० आर १२. पॉवर स्टेअरिंग नाही. मालक अण्णा, वय ७६. कराडच्या घरापासून शेतापर्यंत रोजची फेरी.

तक्रार माझी आहे, अण्णांची नाही. त्यांच्या मते गाडी ओढत नाही, रस्ताच तसा आहे. आज बऱ्याच महिन्यांनी मी चालवली. स्टेअरिंग सरळ धरायचं तर उजवीकडे सतत जोर लावावा लागतो. पन्नासच्या वेगात हात सैल सोडले की साधारण तीन सेकंदांत डावी चाकं साइडपट्टीवर. ब्रेक लावला की आणखी जोरात डावीकडे जाते.

अण्णांचा उजवा खांदा वर्षभर दुखतोय. डॉक्टर, तेल, शेक, सगळं झालं. मी काही बोललो नाही.

ग्लोव्ह बॉक्समध्ये व्हील अलाइनमेंटच्या तीन पावत्या सापडल्या. तीनही दीड वर्षातल्या, एकाच दुकानातल्या.

१० जानेवारी, बुधवार

हवा तपासली. पुढचं डावं २४, पुढचं उजवं ३०, मागची दोन्ही २८. डावं कमी म्हणजे डावीकडे ओढणारच. सगळीकडे ३० भरून घेतली आणि मनात म्हटलं, संपलं काम.

नाही संपलं. थोडा फरक पडला, तोही मनाची समजूत असेल.

१४ जानेवारी, रविवार, भोगी

पहाटे साडेपाचला विट्याच्या रस्त्याला गेलो, उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आधी. अण्णांचं म्हणणं खरं की खोटं हे आधी ठरवायचं होतं. त्यात तथ्य आहेच. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला दोन-अडीच टक्के उतार देतात. आपण डावीकडून चालवतो, म्हणून चांगली गाडीसुद्धा हळूहळू डाव्या कडेला सरकते. महामार्गावर तपासूनही उपयोग नाही, तिथे एका बाजूच्या सगळ्या लेन एकाच दिशेला उतरत्या असतात. शिवाय सहापदरीकरणामुळे सध्या तिथे सरळ असा रस्ताच उरलेला नाही.

म्हणून रिकाम्या दुपदरी रस्त्यावर, समोर लांबपर्यंत दिवा दिसत नाही असं बघून, चक्क उजव्या कडेने चालवली. तिथे उतार उजवीकडे. नीट गाडी उजवीकडे सरकायला हवी. ही तिथेही डावीकडे, म्हणजे चढाकडे वळली. तीनदा करून पाहिलं. हे एकट्याने, दिवसाढवळ्या करू नये. मी भावाला शेजारी बसवून फक्त रस्त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते भाकरीवर लोणी लावत म्हणाले, "अंधारात काय दिसतंय तुला."

२० जानेवारी, शनिवार

टायरची शंका. रेडियल टायरच्या आतले पट्टे बनवताना किंचित एका बाजूला सरकले, तर टायर बाहेरून गोल दिसूनही शंकूसारखा लोळतो आणि गाडीला एका बाजूला नेतो. हे यंत्रावर सहज दिसत नाही, पण तपासणी फुकट आहे: पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उलटली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर गाडीचा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा उद्योग करू नये. आमच्यावर नाही.)

बदलली. ओढ डावीकडेच राहिली, पण कमी झाली. तीन सेकंदांची साडेचार झाली. म्हणजे दोष थोडा टायरचा, बराचसा गाडीचा. एकच कारण असेल असं धरून बसलो होतो, ती पहिली चूक.

२१ जानेवारी, रविवार

ब्रेक दाबल्यावर जास्त ओढते, म्हणून कॅलिपरवर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) संशय घेतला. चार किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थांबलो आणि दोन्ही पुढच्या रिमना हात लावून पाहिला. दोन्ही सारख्याच कोमट. एखादा ब्रेक चिकटत असता तर त्या बाजूला हात ठेववला नसता. तरी चाकं उचलून कॅलिपरच्या पिना काढल्या, साफ केल्या, ग्रीस लावलं. पॅड दोन्हीकडे सारखे झिजलेले. अख्खी दुपार गेली. ओढ तसूभर कमी नाही.

हात लावून जे कळलं होतं त्यावर विश्वास ठेवला असता तर दुपार वाचली असती.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदनाहून आल्यावर पुढची बाजू घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, हा घरातला नियम. चाक नऊ-तीनवर धरून हलवलं, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक) घट्ट. बारा-सहावर हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंग घट्ट. शॉकअप गळत नाहीत. सगळं ठणठणीत.

मग पावत्या काढून नीट वाचल्या. तिन्हींवर टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर किती वळलंय) हिरव्यात, म्हणजे मर्यादेत. कॅम्बर (समोरून पाहता चाक किती कललंय) हिरव्यात. कॅस्टरच्या (चाक ज्या कणीवर वळतं तिचा मागे कल) रकान्यात, दोन्ही बाजूंना, तिन्ही वेळा, नुसत्या रेघा.

दुकानात फोन केला. पोरगा नम्र होता. म्हणाला, "काका, ह्या गाडीत कास्टर ॲडजस्टच होत नाही, मग मोजून काय करणार?" पहिला भाग खरा आहे. ८०० मध्ये पुढचा टो तेवढा बदलता येतो, कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातून येतात तसे. कॅस्टर मोजायला चाकं दोन्हीकडे वळवावी लागतात, वेळ जातो, आणि मोजून पाना कुठे लावायचा नसतो. पण बदलता न येणारं माप बदललेलं सापडलं, तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय एवढं तरी कळतं. ते कळायची वाट तीन वेळा बंद केली गेली.

आणि पुढच्या चाकांचा टो चुकला तरी गाडी सहसा ओढत नाही. टो डाव्या चाकाचा दोन मिलिमीटर चुकलेला असो की उजव्याचा, चालू लागल्यावर चाकं ती चूक आपसात निम्मी निम्मी वाटून घेतात. स्टेअरिंग वाकडं दिसतं, टायर करवतीसारखे झिजतात, पण गाडी सरळ जाते. एका बाजूला ओढ लागते ती डाव्या-उजव्या कॅस्टरच्या किंवा कॅम्बरच्या फरकाने, टायरने किंवा ब्रेकने. म्हणजे ओढीची तक्रार घेऊन गेलं की लोक टो दुरुस्त करून देतात.

घरीच मोजायचं ठरवलं.

२७ जानेवारी, शनिवार

शेजारचे गवंडीमामा कामावरून आले तेव्हा त्यांच्याकडून लाइनदोरी, दोन ओळंबे आणि पाण्याची लेव्हल नळी मागून घेतली. कशाला, विचारलं. सांगितलं. चहा पिऊन ते स्वतःच थांबले.

आधी जमीन. पोर्चच्या फरशीला नळी लावली तर पुढचं डावं चाक उभं राहतं ती जागा ९ मिलिमीटर खाली. मामांनी जुन्या फरशीचे तुकडे आणि पत्रा घालून चारही जागा एका पातळीत आणल्या. हे केलं नसतं तर पुढची सगळी मापं खोटी पडली असती.

मग गाडीच्या दोन्ही बाजूंनी, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, लाइनदोरी ताणली. दोऱ्या एकमेकींना समांतर हव्यात आणि गाडीच्या मध्यरेषेलाही. इथे मी अर्धा तास घालवला. दोरीपासून पुढच्या आणि मागच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मध्याचं, अंतर सारखं ठेवलं आणि दोन्ही चाकं आत वळलेली दिसायला लागली. मामा मागे उभे राहून एक डोळा मिटून बघत होते. म्हणाले, "दोरी पुढं फाकलीय की." खरंच होतं. ८०० ची पुढची चाकं १२१५ मिलिमीटर अंतरावर आहेत, मागची १२००. पुढे दोरी हबपासून साडेसात मिलिमीटर जवळ हवी. दुरुस्त केली.

रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलची पट्टी लावून:

पुढचं डावं: १ मिमी आत
पुढचं उजवं: ०.५ मिमी बाहेर
मागची दोन्ही: अर्ध्या मिलिमीटरच्या आत, सरळच म्हणायची

रिमच्या कडेपासून कडेपर्यंत ३४० मिलिमीटर, म्हणजे तिथला १ मिमी साधारण दहा मिनिटांचा कोन. एकूण टो नगण्य. दुकानाची पावती टोच्या बाबतीत खरी होती. मागचा एक्सल अखंड आहे, तिथे बदलायला काही नाही आणि बदलायची गरजही दिसत नाही.

अंधार पडला. दोऱ्या तशाच ठेवल्या. रात्री मांजर अडकलं.

२८ जानेवारी, रविवार

दोऱ्या परत ताणल्या. आज ओळंबा.

कॅम्बर: मडगार्डवरून ओळंबा सोडून रिमची वरची आणि खालची कड मोजली. दोन्हीकडे वरची कड ३ मिमी बाहेर, साधारण अर्धा अंश. दोन्हीकडे सारखा, मग ओढ कॅम्बरची नाही.

मग एक साधं माप, जे पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या, स्टेअरिंग सरळ ठेवून. दोन खुणांमधलं अंतर टेपने:

उजवी बाजू: २१७४ मिमी
डावी बाजू: २१६३ मिमी

कंपनीचा आकडा २१७५. पुढचं डावं चाक ११ मिलिमीटर मागे आलंय! मामांना दाखवलं. त्यांनी टेप स्वतः परत धरला, बहुधा माझ्यावर भरवसा नसावा. तेच माप.

आता कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, हात सोडूनही ती सरळ जायला त्याची मदत होते. गाडीच्या चाकाची वळायची कणीही तशीच वरून मागे कललेली असते, तो कॅस्टर. चाक खालच्या बाजूला मागे सरकलं की कणी उभी होते, कॅस्टर कमी होतो.

मोजायला चाकं जागच्या जागी हलकी फिरायला हवीत. दुकानात फिरत्या थाळ्या असतात. मी दुधाच्या पिशव्या कापून, दोन प्लास्टिकच्या मध्ये ग्रीस थापून, फरशीच्या तुकड्यावर ठेवल्या आणि चाकं वर चढवली. छान फिरतात. (घरच्यांना ग्रीसच्या वासाच्या पिशव्यांचा हिशोब द्यावा लागला.) जमिनीवर २० अंशांची रेघ आखली: सरळ एक मीटर, काटकोनात ३६४ मिलिमीटर. चाक २० अंश एकीकडे, मग २० अंश दुसरीकडे, दोन्ही वेळा ओळंब्याने कॅम्बर. दोन्हींतला फरक गुणिले साधारण दीड, म्हणजे कॅस्टर.

उजवं: रिमवर १३.५ मिमी फरक, २.३ अंश. कॅस्टर ३.४
डावं: ९ मिमी फरक, १.५ अंश. कॅस्टर २.२

घरगुती मोजमापाची चूक पाव अंश धरली तरी अंशभराचा फरक उरतोच. अर्ध्या अंशाच्या पुढे ओढ जाणवायला लागते. आणि ११ मिमीचा हिशोबही जवळपास इतकाच निघतो.

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांना समजावलं की दोन्ही चाकं आत वळायला बघतात, एकमेकांना तोलून धरतात. उजव्याचा जोर पूर्ण, डाव्याचा कमी, म्हणून उजवं जिंकतं आणि गाडी डावीकडे जाते. ते म्हणाले, "म्हणजे उजवा बैल ताकदीचा आणि डावा मठ्ठ. गाडी डावीकडंच जाणार. त्याला एवढ्या दोऱ्या कशाला?"

३१ जानेवारी, बुधवार

ऑफिसहून येऊन टॉर्च घेऊन खाली शिरलो. ८०० मध्ये खालचा आर्म म्हणजे एकच आडवी पट्टी. ती एकटी चाकाला पुढे-मागे धरू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो: पुढून येतो, टोक आर्मच्या भोकातून आरपार जातं, आर्मच्या दोन्ही अंगांना रबरी बुश, म्हणजे गाद्या, मागून वॉशर आणि कॅसल नट. डाव्या बाजूचा मागचा बुश जागेवर नाहीच. म्हणजे आहे, पण वॉशरखाली चेचून भाकरीच्या कडेएवढा उरलाय आणि बोट लावलं की काळा भुगा पडतो. बुश दबला तेवढा आर्म नटाकडे मागे सरकला.

ब्रेक लावल्यावर जास्त ओढायचं तेही यामुळेच. ब्रेक चाकाला मागे ढकलतो आणि डाव्या बाजूला अडवणारं काही उरलं नव्हतं. मी कॅलिपर धूत बसलो होतो.

हात लावून चाक हलवल्यावर हे का नाही कळलं? नऊ-तीन आणि बारा-सहा दोन्ही वेळा मी चाक आत-बाहेर हलवत होतो. पुढे-मागे टॉमी (लोखंडी पहार) लावून ढकलायला हवं होतं.

३ फेब्रुवारी, शनिवार

स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन्ही बाजूंचे स्टॅबिलायझर बुश, आर्मच्या आतल्या बाजूचे बुश, नवे कॅसल नट आणि कॉटर पिना. सगळे मिळून ७४० रुपये. तीन अलाइनमेंटना याहून जास्त गेले होते. दुकानदार म्हणाला, एकाच बाजूचे घ्या की. नाही म्हटलं. उजवे बुशही त्याच वयाचे आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला सुरू, संध्याकाळी सातला बंद.

डावी कॉटर पिन आतच तुटली. रात्री डिझेल आणि ऑइल मारून ठेवलं होतं, तरी. बारीक ड्रिलने काढली. नट दीड आटा सुटला आणि अडकला. पाइप घालून जोर लावला तर बारच फिरायला लागला. शेवटी तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे घासले, ऑइल, अर्धा आटा पुढे, पाव मागे, असं करत वीस मिनिटांत नट हातात आला. घाई केली असती तर आटे गेले असते आणि अख्खा बार शोधत हिंडावं लागलं असतं.

आर्म काढला. टेबलावर पट्टी लावून पाहिला, वाकलेला नाही. देव पावला. आतला बुश शिकंज्यात सॉकेट लावून दाबून बसवला. वशिंड असलेल्या वॉशरची दिशा उजवीकडे बघून तशीच डावीकडे, कारण काढताना फोटो घ्यायचं विसरलो होतो.

उजवी बाजू सव्वा तासात झाली. पहिली साडेपाच तास.

५ फेब्रुवारी, सोमवार

रात्री अंथरुणात आठवलं: आर्मच्या आतल्या बोल्टची शेवटची कस मी चाकं लोंबकळत असतानाच दिली. तसं केलं की गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. सकाळी सहाला उठून बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी केली, चारदा दाबून हलवली, मग कसले. खाली शिरायला जागा नाही, फरशीचे तुकडे परत चाकांखाली. ऑफिसला उशीर.

११ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मापं. मामा सुट्टीवर होते, पण दोरी देऊन गेले.

उजवी बाजू: २१७५ मिमी
डावी बाजू: २१७२ मिमी
कॅस्टर: उजवं ३.४, डावं ३.१

उरलेले तीन मिलिमीटर कुठले ते शोधणार नाही. अठरा वर्षांची गाडी आहे.

चाक पुढे गेल्यामुळे टो बदललाच: डावं २.५ मिमी बाहेर, उजवं ०.५ बाहेर. लॉकनट सैल करून टाय रॉड फिरवला. फक्त डावीकडेच फिरवून एकूण टो शून्य केला आणि स्टेअरिंग घड्याळाच्या दहा-चारवर गेलं. मग दोन्ही टाय रॉड सारखेच, विरुद्ध बाजूंना, पाव पाव आटा फिरवत स्टेअरिंग मध्यावर आणलं. चार खेपा. दर खेपेला गाडी पुढे ढकलायची, मागे घ्यायची, मग मोजायचं. नाहीतर चाकं फरशीला अडून खोटं माप देतात.

ज्या टायरवर शंका होती तो मागे डावीकडे टाकला. मागे त्याची ओढ फारशी कळत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहाट, तोच रस्ता, भाऊ शेजारी. डाव्या कडेने, पन्नासला हात सैल: साडेनऊ सेकंदांनी हळूच डावीकडे. तो रस्त्याचा उतार. उजव्या कडेने: उजवीकडे सरकली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. जोरात ब्रेक लावला, सरळ थांबली.

भाऊ म्हणाला, आता झोपू का मी.

१९ फेब्रुवारी, सोमवार, शिवजयंती

अण्णांनी चालवली. दोनशे मीटरवर गाडी रस्त्याच्या मध्याकडे गेली, समोरून ट्रॅक्टर. मी स्टेअरिंगला हात घातला. घरी येऊन चपला काढत अण्णांनी जाहीर केलं, "बिघडवून ठेवली. आता उजवीकडं ओढते."

मी चालवून पाहिली. सरळ जाते. अण्णांचा हात अजून उजवीकडे जोर लावतोय, दोन वर्षांच्या सवयीने. त्यांना म्हटलं, "अण्णा, आठ दिवस दोन बोटांनी धरून चालवा." उत्तर मिळालं नाही.

१० मार्च, रविवार

४१० किलोमीटर झाले. पुढच्या टायरवर तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवला, दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत. करवतीसारखे दाते नाहीत, म्हणजे टो बसलाय. नट आणि पिना तपासल्या. बुशांच्या कडा बाहेर फुगलेल्या नाहीत.

दुपारी अण्णा शेतावरून आले. मी गेट उघडायला गेलो तर गाडी आत घेताना त्यांचा उजवा हात खिडकीवर आणि डावा नुसता स्टेअरिंगवर टेकलेला. खांद्याचं विचारलं. बरा आहे म्हणाले, नव्या तेलाने.

मग उतरताना म्हणाले, "विट्याचा रस्ता बराच नीट केलेला दिसतोय रे."